कोल्हापुरातल्या फुलेवाडीतली गच्ची, ८ संकेश्वरी मिरच्या आणि बचत गटाचं गांडूळखत : ९ महिने वापरून लिहितोय

हा रिव्ह्यू मुळात गांडूळखताचा आहे पण नुसतं खत चांगलं खत चांगलं म्हणून भागणार नाही, कारण त्याच खतात माझी पहिली २ रोपं मेली होती आणि ती खतानं नाही तर पाण्यानं मेली, म्हणून पाण्याचं पण सगळं सांगणार आहे आणि जोडीला घेतलेली टॉनिकची बाटली आणि ड्रिपचा टायमर कसा निघाला ते पण.

आमच्या घरी वर्षाची चटणी घरात होते. दर वर्षी आई मार्चमध्ये लक्ष्मीपुरीत जाऊन मिरची बघून आणणार, थोडी ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, मग देठ काढणं, उन्हं देणं, कांडप. गेल्या वर्षी मनात आलं की निदान संकेश्वरी तरी आपल्या गच्चीवर पिकवू आणि पिकवायची तर औषध न मारता पिकवू, कारण मिरचीवर फवारण्या किती होतात ते शेतकरी घरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि झाडं पण कुंडीतली हातभर नाहीत, मोठी करायची, छातीला लागतील अशी. त्यासाठी १८ बाय १८ इंचाच्या ग्रो बॅगा घेतल्या, एकीत साधारण ७५ लिटर माल बसतो. एक सांगतो, भिजल्यावर एकेक बॅग ७०-८० किलोची होते, त्यामुळं गच्चीच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम आहे तिथंच ठेवा आणि बुडाला विटा घाला म्हणजे पाणी निघून जातंय.

आता खत. करवीर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गट हे खत करतो, ओळखीतून कळालं. ४० किलोचं पोतं ४५० रुपये, ४ पोती घेतली, टेम्पोचं भाडं वेगळं. याआधी मी बागेच्या दुकानातून ५ किलोच्या चकचकीत पिशव्या आणायचो, त्यात एकदा तर निम्मं वाळलेलं शेणच निघालं होतं, हातात घेतलं की काडी काडी वेगळी दिसायची आणि वास यायचा. इथं पोतं सोडल्या सोडल्या पहिल्या पावसाचा वास, खरंच तोच. चहापत्तीसारखं रवाळ, काळपट, मुठीत दाबलं की गोळा होतोय आणि बोटानं ढोसलं की लगेच मोडतोय, हात बरबटत नाही. नीट बघितलं तर मोहरीएवढे पिवळसर लिंबासारखे बारके गोळे दिसले, मला वाटलं कसलं तरी बी आलंय. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “बी न्हवं ओ ते, गांडुळाची अंडी हायत, टाकू नगासा.” त्यातनं पंधरा दिवसांनी बॅगेत दोऱ्यासारखी पिल्लं फिरताना दिसली.

खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये गांडूळखताला मापं ठरवून दिलेली आहेत, ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १८ टक्के, नत्र (नायट्रोजन) किमान १ टक्का. दुकानातली पिशवी घेताना मागची बाजू वाचा, हे आकडेच छापलेले नसतील तर मी तरी घेणार नाही. ओलाव्याचा मुद्दा महत्त्वाचा, कारण काही ठिकाणी चिंब भिजवून विकतात आणि आपण खताच्या भावानं पाणी घेतो. या गटाकडं मागितल्यावर लॅबचा रिपोर्ट दाखवला, मला तिथंच बरं वाटलं.

माती आमची काळी, भिजली की चिकट आणि वाळली की भेगा, बॅगेत अजिबात चालत नाही. म्हणून पन्हाळ्याकडची तांबडी माती आणली. ३ भाग माती, २ भाग गांडूळखत, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बॅगेला पाव किलो निंबोळी पेंड. पेंडेत नत्र बऱ्यापैकी असतंय आणि मुळाला कीड लागत नाही, शिवाय ती हळूहळू कुजते म्हणून ३-४ महिने पुरते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी पण खतात मिसळून ८ दिवस सावलीत झाकून ठेवलं होतं, मर रोग लागू नये म्हणून. बी मेच्या मध्यात टाकलं, जूनच्या शेवटाला ६ आठवड्यांची रोपं बॅगेत लावली.

आणि इथंच माझं चुकलं. रोपं नवीन, हौस मोठी, म्हणून सकाळी पाणी आणि संध्याकाळी पाणी, पाऊस झाला तरी वरची माती वाळलेली दिसली की पाणी. जुलैत दोन रोपं पिवळी पडून माना टाकायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं, ३ दिवसांत दोन्ही गेली. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरल्यावर वरची साल सरकन निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. जास्त पाण्यानं मुळाला हवाच मिळत नाही, मग मूळ कुजतंय आणि कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणजे वरून झाड तहानलेलंच दिसतंय. हे मला आमच्या गल्लीतल्या एका मामांनी समजावलं, त्यांची शेती आहे आंबेवाडीकडं. ते गच्चीवर आले, बॅगेत बोट घातलं आणि म्हणाले, “घड्याळ बघून पानी घालतोस व्हय? बोट घाल आन बघ की.”

तेव्हापासून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालतो, गार आणि ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. बॅगेच्या वरच्या काठाला धरून थोडी हलवून बघायची पण सवय लागली, भरलेली बॅग जागची हलत नाही, हलकी झालेली लगेच डुलते. आणि घातलं की खालनं पाणी गळेपर्यंत पोटभर घालायचं, रोज तांब्या तांब्या नाही, नाहीतर मुळं वरच्या वरच राहतात आणि मोठं झाड वाऱ्याला तोल सांभाळत नाही. दुपारी १२ ला पानं लोंबलेली दिसली तर घाई करायची नाही, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर परत बघायचं, तोवर पानं ताठ झाली तर ते नुसतं ऊन होतं, आणि सकाळी सुद्धा लोंबलेलीच असली तर मग काहीतरी बिघडलंय.

गेलेल्या दोनाच्या जागी राखून ठेवलेली रोपं लावली, ती शेवटपर्यंत बाकीच्यांच्या मागंच राहिली पण जगली. नळाचं पाणी बॅरलमध्ये रात्रभर ठेवून घालतो, क्लोरिनचा वास जातोय. आणि वर उसाच्या पाचटाचं ३-४ इंच आच्छादन. आपल्याकडं पाचट फडातच पेटवून देतात, बघून जीव तुटतो, मागितलं तर फुकट मिळतंय. ऑक्टोबरच्या उन्हात आच्छादन असलेल्या बॅगेला तिसऱ्या दिवशी पाणी लागायचं आणि मुद्दाम उघडी ठेवलेली एक बॅग दुसऱ्याच दिवशी कोरडी. एवढंच की पावसाळ्यात पाचटाखाली गोगलगायी बसतात, म्हणून पाऊस ओसरल्यावरच घाला, मी आधी घातलं आणि रात्री बॅटरी घेऊन वेचत बसलो.

बाटलीचं सांगतो. ऑगस्टमध्ये झाडं गुडघ्याएवढी होती, बरोबरीच्या एकानं सांगितलं म्हणून एक “ऑरगॅनिक ग्रोथ” टॉनिक आणलं, ५०० मिलीला ६५० रुपये. बाटलीवर भरघोस झाडाचा फोटो पण घटक काय, नत्र किती, बॅच नंबर काय, काहीच नाही. दोनदा फवारलं. पानं काळीकुट्ट हिरवी झाली, तळहाताएवढी आणि लुसलुशीत, मी खूश झालो, पण पुढं फुलं धरेनात आणि धरली ती गळाली, आणि त्या कोवळ्या पानांवर फुलकिडे तुटून पडले, शेंडे वळायला लागले, बोकड्याच, म्हणजे पानं आकसून वळायचा रोग, चुरडा. नत्र जास्त झालं की मिरची असंच करते. माझा सप्टेंबर सगळा तो चुरडा काढण्यात गेला, ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण, लिटरभर पाणी, दर ५-६ दिवसांनी संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं, आणि निळे चिकट सापळे. ६ झाडं सावरली, २ अर्धी वाळली. परत असली बाटली घेणार नाही आणि तुम्ही पण पैसे घालू नका.

त्याऐवजी जीवामृत करा, तेही आपल्याच गुळावर. २० लिटर पाण्याला १ किलो देशी गाईचं ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत २-३ दिवस, रोज दोनदा काठीनं ढवळायचं, आणि आठवड्याच्या आत संपवायचं. गूळ पांढरा स्वच्छ नको, गुऱ्हाळावरचा बिनकेमिकलचा काळपट घ्या. मी १० पट पाणी घालून १५ दिवसांतनं एकदा बॅगेला लिटरभर देतो. सप्टेंबरच्या शेवटी पाचवं पोतं आणून प्रत्येक बॅगेला ४-५ किलो गांडूळखत वरनं दिलं आणि गुऱ्हाळाची राख एक मूठ, जास्त नाही, राखेनं माती खारट अल्कली होते. शेंडे मी झाड वीतभर असतानाच खुडले होते त्यामुळं प्रत्येकाला ५-६ फांद्या फुटल्या होत्या, ऑक्टोबरला त्या सगळ्या फुलांनी भरल्या. बांबू बांधावे लागले.

ड्रिपच्या टायमरमध्ये पण पैसे गेले, ते इथं लिहितो म्हणजे कुणाचे तरी वाचतील. दिवाळीला ४ दिवस सासरवाडीला जायचं होतं म्हणून ऑनलाईन टायमर मागवला, लावला, निघालो. आलो तर बॅगा कोरड्या खडखडीत आणि निम्मी फुलं खाली. टायमर चालू होता पण पाणी सुटतच नव्हतं. कारण आमची टाकी गच्चीपासून जेमतेम ६-७ फूट उंच, म्हणजे प्रेशर ०.२ बारच्या आसपास, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकानं उघडणारे) टायमर बरेचसे त्यापेक्षा जास्त प्रेशर असल्याशिवाय उघडत नाहीत. बॉक्सवर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि विकणाऱ्यानं परत पण घेतला नाही. टाकीच्या पाण्याला बॉल व्हॉल्व्हवाला टायमर बघून घ्या, ‘झिरो प्रेशर’ लिहिलेला असतोय. ड्रिपर पण साधे, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी सोडणारे) नकोत, आणि फिल्टर लावाच. आता प्रत्येक बॅगेला ताशी ४ लिटरचे २ ड्रिपर आहेत, अर्धा तास सोडलं की कागदावर ४ लिटर, पण टाकी कमी उंचीवर असल्यामुळं प्रत्यक्षात कमी पडतं, म्हणून पहिल्यांदा ड्रिपरखाली डबा ठेवून मोजून घेतलं. तरी गावात असलो की मी बोट घालूनच बघतो, टायमर फक्त बाहेरगावी जाताना.

डिसेंबरमध्ये सगळ्यात मोठं झाड मोजलं, ५ फूट २ इंच, बुंधा अंगठ्यापेक्षा जाड. तांबड्या मिरच्या तीन तोडण्यांत निघाल्या, गच्चीवर चादरीवर वाळवल्या, वाळून २ किलो ३०० ग्रॅम भरल्या. वर्षाच्या चटणीला पुरणार नाहीत, आईला ५ किलो लागतात, पण तिनं वाळलेली एक मिरची मोडली, बिया हातावर घेऊन वास घेतला आणि मला म्हणाली, “ह्यात दुसरी मिरची मिसळू नगस, येगळी कुटूया.” कांडपवाल्यानं पण विचारलं मिरची कुठली, तर मी गच्चीवरची म्हणून सांगितलं आणि फोटो दाखवले.

खताला माझ्याकडनं ५ पैकी साडेचार. अर्धा कापला कारण शेवटच्या पोत्यात नीट चाळलेलं नव्हतं, नारळाच्या शेंड्या आणि एक प्लॅस्टिकचा तुकडा निघाला, ते मी फोन करून सांगितलं आणि त्यांनी पुढच्या वेळी २ किलो जास्त घालते म्हणून कबूल केलं. घरपोच सेवा नाही, आपणच गाडी न्यायची, आणि मे महिन्यात मागणी वाढते म्हणून मी आत्ताच ६ पोती सांगून ठेवलीत. जुनी झाडं काढलेली नाहीत, जानेवारीत निम्म्यावर छाटलीत, कालच दोघांच्या बुंध्याला पोपटी फुटवे दिसले.