करडांना खूण कोणती करावी: गळ्यातला बिल्ला, कानातला टॅग की गोंदण?

उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात बहुतेक जनावरे काळी. मोठ्या शेळ्या शिंगांवरून, कानांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून, चालीवरून ओळखू येतात. करडांचे तसे नाही. त्यात या जातीला जुळी होणे नेहमीचेच. पंधरवड्यात दहा शेळ्या व्याल्या की पंधरा-सोळा काळी करडे गोठ्यात उड्या मारत असतात आणि कोणते कोणाचे, हे त्यांच्या आयाच सांगू शकतात. तिसऱ्या महिन्यात दूध तोडले की त्यांनाही विचारायची सोय उरत नाही. त्यामुळे खूण कोणतीही निवडा, ती आईशेजारी करडू उभे असतानाच झाली पाहिजे.

पहिल्या दिवसासाठी माझी निवड गळ्यातला बिल्ला. दोन-सव्वादोन किलोच्या करडाचा कान कोवळा असतो, टॅगच्या वजनाने तो ओढला जातो. सुती नाडीत प्लास्टिकचा क्रमांक ओवला की काम झाले. रक्त नाही, जखम नाही. मात्र करडाची मान महिन्याभरात भरते, म्हणून दर पंधरा दिवसांनी नाडीखाली दोन बोटे जातात का ते पाहायलाच हवे. आवळलेल्या नाडीने करडू दगावू शकते. शिवाय करडे एकमेकांच्या नाड्या चघळतात आणि रानात गेलेल्या कळपात बोरी-बाभळीला त्या अडकतात. बंदिस्त पालनात हा बिल्ला विक्रीपर्यंत चालतो, चराईच्या कळपात दूध तुटेपर्यंतच.

त्यानंतर कानातला टॅग. तो लांबून वाचता येतो आणि स्वस्त असतो. पक्कडही एकदाच घ्यावी लागते. पण जागा चुकली तर पस्तावायची वेळ येते. कानाच्या मधल्या भागात, शिरा टाळून टोचला तर जखम लवकर भरते. कडेला टोचला तर पहिल्याच काटेरी फांदीत कान फाटतो. शक्यतो हिवाळ्यात टोचावा. पावसाळ्यात माश्या बसतात, जखमेत अळ्या पडतात आणि मग महिनाभर कानच सांभाळत बसावे लागते.

आता बोकडांचा प्रश्न, आणि निर्णय खरा इथेच फिरतो. बकरी ईदला चांगला भाव मिळतो तो निर्दोष जनावराला. कान बराचसा कापलेला किंवा फाटलेला बोकड कुर्बानीला चालत नाही, आणि लहानशी चीर दिसली तरी गिऱ्हाईक घासाघीस करते. म्हणून विक्रीच्या बोकडांच्या कानाला खाच पाडण्याच्या पद्धतीला माझा सरळ विरोध आहे. खाच कायमची असते, फुकटही असते, पण तिने जनावराची किंमत उतरते. शिवाय खाचांची सांकेतिक भाषा घरातल्या एकालाच कळत असेल, तर ती नोंद त्याच्याबरोबरच गावाला जाते.

यात सरकारी १२ अंकी टॅग कुठे बसतो? तो टाळायचा विचारच करू नका. ‘भारत पशुधन’ प्रणालीत जनावराची नोंद त्याच क्रमांकावर होते, लसीकरणही त्यालाच जोडले जाते, आणि विम्याचा दावा करताना कानात टॅग नसेल तर पैसे मिळणे अवघड. पण रोजच्या कामाला एवढा एकच क्रमांक पुरत नाही. अंधारात हातात करडू धरून बारा आकडे कोणी नीट लिहीत नाही, आणि तो क्रमांक पाहून करडू कोणत्या साली जन्मले हेही समजत नाही. म्हणून बोकडाला कानात फक्त सरकारी टॅग आणि आपला क्रमांक गळ्यात ठेवावा. कळपात राखायच्या पाठींना (मादी करडांना) मात्र दुसऱ्या कानात आपलाही टॅग खुशाल मारावा. क्रमांकात साल असू द्या: २५-०१४ म्हणजे २०२५ मधले चौदावे करडू.

गोंदण पैदाशीच्या जनावरांसाठी उत्तम. टॅग निघाला तरी ते जात नाही, चोरीच्या वादात तोच पुरावा ठरतो. अडचण रंगाची: काळ्या कानावर काळी शाई दिसतच नाही. हिरवी शाई घ्या आणि वाचताना कानामागे टॉर्च धरा. संगमनेरीसारख्या पांढऱ्या शेळ्यांमध्ये हा त्रास कमी. चिपच्या टॅगबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो वाचायला वेगळे यंत्र लागते. पन्नास-शंभर शेळ्यांना तो खर्च परवडत नाही. शेकड्यांनी जनावरे रोज काट्यावर चढत असतील तरच विचार करावा.

नोंदीसाठी वही की मोबाईल? गोठ्यात वही, घरी एक्सेल. ओल्या हाताने मोबाईल चालत नाही, आणि वहीतून वजनांची क्रमवारी लावता येत नाही. वहीत प्रत्येक शेळीला एक पान द्या: व्यायल्याची तारीख, बोकड कोणता, एकच, जुळी की तिळी, जन्मवजन, तीन महिन्यांचे वजन. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, आणि कमाई तर तोच सांगतो. समजा एका शेळीचे एकटे करडू तीन महिन्यांत तेरा किलोचे झाले आणि दुसरीची जुळी नऊ-नऊ किलोची. नुसते पाहून पाठ राखली तर पहिलीचीच राहील, कारण ती अंगाने भरलेली दिसते. वहीत दुसरीच्या नावावर अठरा किलो आहेत.

बोकडाचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. पाठी वर्षभरात माजावर येऊ लागतात आणि बाप तोवर त्याच कळपात असतो. कोणती पाठ कोणाची हे लिहिलेले असेल तर बोकड बदलायची वेळ आधीच कळते. शेळी विकली तरी तिचे पान फाडू नका. तिच्या मुली-नाती दावणीला असेपर्यंत नवा बोकड निवडताना ते पान काढावेच लागते.