पाळक, बायबल समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ? विश्वास डळमळतो तेव्हा कोणाकडे जावं

प्रार्थनेला बसलं की देव ऐकतो का, याचीच खात्री वाटत नाही. किंवा जुनी एखादी गोष्ट इतकी सलते की प्रभुभोजनाला (चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पुढे जायचा धीर होत नाही. मदत घ्यायचं ठरलं तरी ती कोणाकडून घ्यायची? आपल्याला नेमकं काय छळतंय ते आधी पाहावं आणि मग माणूस निवडावा, असं माझं ठाम मत आहे. समोरचा ख्रिस्ती आहे एवढं पुरेसं नाही, आणि तो ख्रिस्ती नाही म्हणून त्याला टाळायचंही कारण नाही.

प्रश्न श्रद्धेचे असतील, म्हणजे दुःख का, पुनरुत्थान खरं कशावरून, प्रार्थनेला उत्तर का नाही, तर पाळक किंवा फादर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बरे. त्यांचा पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास असतो, ते तुम्हाला ओळखतात आणि सहसा पैसे घेत नाहीत. जाणता पाळक शंकेला पाप ठरवत नाही. जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला येशू पुनरुत्थानानंतर भेटला. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचली तर कळतं, की त्यांनी वर्षानुवर्षं देवाचं मौन सोसलं होतं. ‘आणखी प्रार्थना करा’ एवढंच सांगून उठवणाऱ्या पाळकांकडे मात्र दुसऱ्यांदा जाऊ नये.

शरमेचं प्रकरण वेगळं. ज्यांना सगळं सांगायचं तेच रविवारी समोर उभे राहणार, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बोलणं फुटलं तर काय, ही भीती खरी आहे. कॅथलिक कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याच्या विधीत, गुप्ततेची पक्की हमी असते: 1983 च्या कॅनन लॉप्रमाणे (कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे) ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. पण तिथे पापक्षमा मिळते, महिनोन्‌महिने चालणारं बोलणं होत नाही. इतर मंडळ्यांत ‘हे कोणाकोणाला कळेल?’ असं आधीच विचारावं. आणि शरम तुमच्यावर झालेल्या अत्याचाराची असेल, तर त्यात तुम्ही क्षमा मागावी असं काहीच नाही. त्यासाठी आघातावर काम करणारा प्रशिक्षित उपचारक हवा, तोही मंडळीबाहेरचा. ‘आधी त्याला क्षमा कर’ असा घाईचा सल्ला अशा माणसाला आणखी मोडतो.

बायबल समुपदेशकांत दोन प्रवाह आहेत. 1970 च्या दशकात अमेरिकन पाळक जे ॲडम्स यांच्यामुळे पसरलेला प्रवाह फक्त पवित्र शास्त्रावर उभा आहे आणि पाप, पश्चात्ताप यांवर भर देतो. व्यसन किंवा विवाहबाह्य संबंध सोडायची तयारी असलेल्याला तो आधार देऊ शकतो; नैराश्यात बुडालेल्याला तोच जड जाऊ शकतो. दुसऱ्या प्रवाहातले लोक मानसशास्त्र शिकलेले असतात आणि श्रद्धेलाही जागा देतात. पाटी दोघांची सारखीच असू शकते, म्हणून शिक्षण कुठलं आणि परवाना आहे का, हे विचारायला लाजू नये.

मानसोपचारतज्ज्ञ श्रद्धेला आजार म्हणतील, ही धास्ती अनेकांना असते. पण 1994 पासून अमेरिकन निदानसूचीत धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण अशी नोंद मानसिक विकारांपासून वेगळी आहे. एका त्रासात तर त्यांच्याकडेच जायला हवं. प्रार्थनेच्या मध्येच मनात घाणेरडा शब्द येतो, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. मग पाळकांना विचारायचं, ‘मला क्षमा मिळेल ना?’ ते हो म्हणतात, तासभर बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा त्याच कृती करायला लावणाऱ्या आजाराचा, प्रकार असू शकतो. पुढे प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात तासन्‌तास कन्फेशन करायचा, तरी त्याचं मन निवत नव्हतं. अशा वेळी प्रेमाने दिलेला प्रत्येक दिलासा त्या चक्राला खतपाणी घालतो. उपचारात ती प्रार्थना पुन्हा न म्हणता अस्वस्थता सोसायची सवय हळूहळू लावतात. गरज पडली तर औषधंही देतात. पाळकांना विश्वासात घेतलं आणि त्यांनी तेच उत्तर वारंवार देणं थांबवलं, तर उपचाराला हातभार लागतो.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर डॉक्टरांना लवकर भेटावं. जीव द्यायचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं. पाळकांना सोबत यायला सांगावं, पण त्यांच्या वेळेसाठी थांबू नये.