जाहिरातीचं ‘सरकारी प्रमाणपत्र’ घेतलं, वीस हजार गेले आणि चुकीची जाहिरात तशीच चालू राहिली

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे तीन-चार आठवडे म्हणजे खान्देशातल्या घरगुती खाद्यउद्योगांची सुगी. बिबडे, नागलीचे पापड, कुरडया, लाडू यांच्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर याच दिवसांत वाढतात आणि त्यांच्या मागोमाग ‘नोटिसा’ही फिरू लागतात. अमळनेर तालुक्यातल्या एका लहान उद्योगाची यात २०,०६० रुपयांना फसवणूक झाली. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. फसवण्याची रीत मात्र टप्प्याटप्प्याने सांगायला हवी, कारण ती चोपड्यात, शिरपुरात, दोंडाईच्यात कुठेही जशीच्या तशी चालेल.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली. वर तीन सिंहांचं राजचिन्ह, खाली गोल शिक्का, मथळा ‘अंतिम नोटीस’, नाव केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं. मजकूर असा की तुमची ऑनलाइन जाहिरात दिशाभूल करणारी आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ प्रमाणे १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, ४८ तासांत ‘डिजिटल जाहिरात अनुपालन नोंदणी’ केली नाही तर पेज बंद होईल. वेळ बघा. शुक्रवारी चार वाजता नोटीस आली की शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद, सीए फोन उचलत नाही, आणि ४८ तास रविवारी दुपारीच संपतात. कुणाला विचारायला सवडच मिळू नये म्हणून हा वार निवडलेला असतो.

नोटिशीत जाहिरातीचा क्रमांक होता, ती सुरू झाल्याची तारीख होती, चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर होता आणि मालकीणबाईंचं पूर्ण नाव होतं. एवढं सगळं त्यांच्याकडे आहे म्हणजे सरकारच असणार, असं घरातल्यांना वाटलं. खरं तर यातलं काहीच गुप्त नाही. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, अॅड लायब्ररीत पेजचं नाव टाकलं की त्या घडीला चालू असलेली प्रत्येक जाहिरात, तिचा क्रमांक आणि सुरू झाल्याची तारीख कुणालाही दिसते. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. एफएसएसएआय नंबर आणि मोबाइल नंबर पाकिटावरच छापलेला असतो, आणि पाकिटाचा फोटो जाहिरातीतच होता. नाव एफएसएसएआयच्या पोर्टलवर नंबर टाकून मिळतं. दहा मिनिटांचं काम.

पैसे एकदम मागितले नाहीत, तिथेच कसब आहे. आधी नोंदणी शुल्क २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. रक्कम लहान, वर जीएसटीचा हिशेब अचूक. ‘मावशी, भरी टाक ना पैसा,’ असं पेज सांभाळणारा भाचा म्हणाला आणि पैसे गेले. संध्याकाळी ‘कंटेंट पडताळणी’चे ५,९०० मागितले. शनिवारी सकाळी ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून ११,८००. अनामतीवर जीएसटी कसला लावता, हे विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. परत मिळायच्या अनामतीवर कर लागत नाही, आणि नोटिशीच्या धाकाने कुठलंही केंद्रीय प्राधिकरण एखाद्या माणसाच्या नावच्या यूपीआय आयडीवर पैसे घेत नाही. पैसे भरताना स्क्रीनवर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते तिन्ही वेळा वेगळं होतं आणि तिन्ही वेळा माणसाचं होतं.

बदल्यात रंगीत ‘प्रमाणपत्र’ आलं आणि जाहिरातीत टाकायला एक हिरवा बिल्ला आला: ‘भारत सरकार अनुपालन प्रमाणित’. त्यासोबत एक विनंती होती. देखरेखीसाठी बिझनेस मॅनेजरमध्ये (पेज आणि जाहिराती सांभाळायच्या मेटाच्या साधनात) आमच्या अधिकाऱ्याला अॅडमिन करा. भाच्याने तेही केलं.

पैशांपेक्षा हे जास्त महागात पडू शकतं. ज्याला पूर्ण नियंत्रण मिळतं तो आधीच्या मालकाला काढून टाकू शकतो आणि जोडलेल्या कार्डावर स्वतःच्या जाहिराती चालवू शकतो. इथे कार्डावर खर्चाची मर्यादा घातलेली होती आणि रविवारी रात्री बँकेचा नकाराचा मेसेज आला, म्हणून ते पकडलं गेलं. बाहेरच्या कुणाकडून जाहिराती चालवून घ्यायच्याच असतील तर त्याच्या बिझनेस आयडीला पार्टनर म्हणून जोडावं आणि फक्त जाहिरात खात्याचं काम द्यावं. पेजचं पूर्ण नियंत्रण आणि पासवर्ड कधीच देऊ नये. जाहिरात खात्यावर एकूण खर्चाची मर्यादा घालण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी घालावी.

लोक यात अडकतात, कारण नोटिशीतला कायदा खोटा नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण खरं आहे, २४ जुलै २०२० ला ते स्थापन झालं. कलम २१ खरं आहे. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूदही खरी आहे. कलम वाचून धडकी भरते, पण खोटेपणा शोधायचा तो कलमात नाही, पद्धतीत. प्राधिकरण आधी प्राथमिक चौकशी करतं, मग तपास, आणि दंड किंवा जाहिरात थांबवण्याचा आदेश देण्याआधी म्हणणं मांडायची संधी देतं. जिल्ह्यात चौकशी करण्याचे अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेले आहेत. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करता येतं. या सगळ्यात ‘४८ तासांत नोंदणी करा आणि सुटा’ असा टप्पाच नाही. मेल आला असेल तर त्याचा पत्ता gov.in किंवा nic.in ने संपतो का, हे अक्षर न अक्षर पाहावं. मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ असणं आणि शेवटी असणं यात फरक आहे. एसएमएस असेल तर सरकारी संदेशाच्या हेडरच्या, म्हणजे वर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या, शेवटी ‘जी’ हे अक्षर असतं, जाहिरातीच्या संदेशाला ‘पी’.

मग ‘प्रमाणपत्र’ हा शब्द आला कुठून? त्यालाही खऱ्याचा एक धागा आहे. ७ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातदारांनी स्वयंघोषणापत्र द्यावं असा आदेश दिला. १८ जूनपासून ते टीव्ही-रेडिओसाठी ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर आणि छापील व डिजिटल माध्यमांसाठी भारतीय प्रेस परिषदेच्या पोर्टलवर चढवायचं ठरलं. ३ जुलै २०२४ च्या सूचनेने ते खाद्य आणि आरोग्य क्षेत्रापुरतं आणि वर्षातून एकदा असं मर्यादित केलं गेलं. लाडू-पापड विकणाऱ्याने आज काय लागू आहे ते परिषदेच्याच पोर्टलवर जाऊन पाहावं, एजंटाच्या पीडीएफवर नाही. पण शब्द नीट वाचा: स्वयंघोषणा. माझ्या जाहिरातीत दिशाभूल नाही, असं तुम्ही सरकारला लिहून देता. तुमची जाहिरात तपासली, असं सरकार तुम्हाला लिहून देत नाही. ठगांनी ही दिशाच उलटी केली. आस्की या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेचंही नाव असंच वापरलं जातं. ती १९८५ पासूनची, पण उद्योगाची स्वतःची स्वनियमन संस्था आहे, सरकारी खातं नाही. ती दंड आकारत नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्याआधी शुल्क घेऊन सल्ला देण्याची तिची सोय आहे, पण ती ऐच्छिक.

आता खरी गोम. ती जाहिरात मुळात चुकीचीच होती. रीलमध्ये एक स्थानिक क्रिएटर नागली-मेथीचा लाडू खात सांगत होता, ‘रोज दोन लाडू, शुगर कायमची आटोक्यात.’ खाली ‘फक्त १५ डबे शिल्लक’, आणि हेच १५ डबे तीन आठवडे शिल्लक होते. ठगाला याच रीलमुळे सावज दिसलं असणार. वीस हजार घेऊन त्याने यातलं एक अक्षरही बदललं नाही. उलट हिरवा बिल्ला चिकटवून एक खोटा दावा वाढवला, आणि राजचिन्हाच्या वापरासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे तो निराळाच.

ते रील कसं दुरुस्त करायचं, हे क्रमाने पाहिलं तर नियमच समजतात. मधुमेहाचा दावा आधी काढायचा, सौम्य करत बसायचं नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांप्रमाणे अन्नपदार्थ रोग बरा करतो, टाळतो किंवा त्यावर उपचार करतो असं म्हणता येत नाही, आणि अन्नाच्या फसव्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. तोच लाडू ‘औषध’ म्हणून विकायला गेलात तर १९५४ चा औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा उभा राहतो. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग-विकार आहेत आणि मधुमेह त्यात आहे. ‘नागली, मेथी, गूळ, गावरान तूप, मैदा नाही’ एवढं म्हणा, आणि तेही खरंच तसं असेल तर. खाली बारीक अक्षरात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ लिहून सुटता येईल असं अनेकांना वाटतं. ९ जून २०२२ च्या दिशाभूल-प्रतिबंधक मार्गदर्शक तत्त्वांनी ती वाट बंद केली आहे. सूचना दाव्याच्याच भाषेत, दाव्याच्याच फाँटमध्ये हवी आणि तिने मूळ दाव्याला छेद देता कामा नये. मराठी दाव्याखाली इंग्रजी सूचना चालत नाही. इकडची बरीच रील्स तिथेच चुकतात.

क्रिएटरला पैसे दिले नव्हते, फक्त दोन किलो लाडू दिले होते. म्हणून ‘जाहिरात’ असं लिहायची गरज नाही, असं भाच्याला वाटलं. जानेवारी २०२३ च्या इन्फ्लुएन्सर मार्गदर्शिकेत फुकट वस्तू, सवलत, मुक्काम, इतकंच काय नातेसंबंधही ‘हितसंबंध’ धरले आहेत. भाच्याने स्वतःच्या खात्यावरून मावशीच्या लाडवांचं कौतुक केलं तरी ते उघड करावं लागतं. उघड करणं म्हणजे वीस हॅशटॅगांच्या गर्दीत एक कोंबणं नव्हे. फोटो असेल तर शब्द चित्रावरच दिसावा, व्हिडिओत तो लिहिलेलाही हवा आणि बोललेलाही, लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर. आणि भाषा तीच, जी शिफारशीची आहे. अहिराणी-मराठी रीलवर सरळ ‘जाहिरात’ लिहा, सगळ्यांना कळतं. नियम मोडल्यास दंड शिफारस करणाऱ्यालाही तेवढाच आहे, शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत कुठलीच जाहिरात करायला बंदी येऊ शकते. म्हणून शहाणा क्रिएटर आधी विचारतो, दाव्याला पुरावा काय? त्याने खातरजमा केली असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. ती विचारणा व्हॉट्सअॅपवर लेखी ठेवलेली बरी.

‘१५ डबे शिल्लक’ हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा प्रकारांपैकी एक, खोटी घाई. डबे खरंच पंधरा असतील तर हरकत नाही. संपल्यावर आकडा काढायचा.

फसल्यावर पहिला फोन १९३० ला, आणि तो कळल्या क्षणी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच मिळण्याची आशा असते. इथे शनिवारचे ११,८०० रविवारी रात्री सांगितले, तोवर ते तीन खाती पुढे गेले होते. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, तिचा पोच क्रमांक बँकेला, आणि पोलीस ठाण्यात अर्ज. पीडीएफ, कॉलची यादी, चॅट यातलं काहीही रागाने डिलीट करू नये. बिझनेस मॅनेजरमध्ये आधी ‘लोक’ आणि ‘पार्टनर’ दोन्ही याद्या तपासून परके काढायचे, मग पासवर्ड बदलायचा, दुहेरी पडताळणी लावायची, कार्ड बंद करायचं. पासवर्ड आधी बदलून उपयोग नाही, कारण दुसरा अॅडमिन स्वतःच्या खात्यातून आत येतो, त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही.

तक्रारीनंतर पंधरा दिवसांनी मालकीणबाईंच्या त्याच नंबरवर ‘सायबर परतावा कक्षा’चा फोन आला. तुमची रक्कम सापडली आहे, फाइल पुढे सरकवायला प्रक्रिया शुल्क भरा. रक्कम होती २,३६०.