नाक चोंदलेलं असताना सीपॅप: नऊ महिन्यांचा अनुभव

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, घेऊन नऊ महिने झाले. पहिल्या दीड महिन्यात परत द्यायचं म्हणून दोनदा खोक्यात भरलं होतं आणि आता त्याच्याशिवाय एक रात्र झोपत नाही. मधे काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांचं नाक कायम बंद असतं त्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

माझं वय ५२. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मिरची कांडप आहे. फेब्रुवारी ते मे ब्याडगी, संकेश्वरी कुटून कुटून कपड्यात, केसात, अंथरुणात सगळीकडं तिखट, त्यामुळं नाक चोंदणं हा आजार आहे असं मला कधी वाटलंच नाही. घोरण्याचं पण तेच. मिस्टर म्हणायचे, "अगं, घोरता घोरता एकदम गप्प पडतीस, मग परत श्वास कधी घेतीस म्हणून मी बघत बसतो." सकाळी उठलं की डोकं जड, रात्रीत तीन-चारदा लघवीला उठायचं, दुपारी वजनकाट्यापाशी बसल्या बसल्या डोळा लागायचा, गिऱ्हाईक हाक मारायचं तेव्हा जाग. शुगर तपासली, थायरॉईड तपासलं, काही निघालं नाही. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली, घरातच, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाला बारीक नळी. एएचआय आला ३८, म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट होतो, आणि ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. पाळी गेल्यावर बायकांना हा त्रास वाढतो हेही तिथंच पहिल्यांदा कळलं.

नोव्हेंबरात ऑटो सीपॅप (हवेचा दाब आपोआप कमीजास्त करणारं) घेतलं, नाकावर बसणारा मास्क. बसवून द्यायला आलेल्या मुलानं पट्टे आवळले, बटण दाखवलं आणि "सवय होईल काकी" म्हणून गेला. ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवा ओलसर करायचं, भांडं कोरडंच होतं, त्यात पाणी घालायचं असतं हे सांगितलंच नाही. रात्री दोनला मी गुदमरून मास्क ओढून काढायची. नाक बंद, मग तोंड उघडतंय, तोंड उघडलं की नाकातून आत जाणारी सगळी हवा तोंडातून बाहेर, त्या सततच्या कोरड्या वाऱ्यानं नाकातली त्वचा आणखी सुजते, की नाक आणखी बंद. हे चक्र नंतर समजलं. तेव्हा वाटायचं मशीनच आपल्याला मानवत नाही.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. मेडिकलमधून नाक उघडायचे थेंब आणले, ऑक्सिमेटाझोलिनचे. पाच मिनिटांत नाक मोकळं! पहिले चार दिवस मी इतकी छान झोपले की देवापुढं साखर ठेवली. ते थेंब तीन-चार दिवसांच्या वर घालायचे नसतात, मी तीन आठवडे घातले, आणि शेवटी दर चार तासाला घातल्याशिवाय श्वासच घेता येईना. कृपा करून हे करू नका.

डिसेंबरअखेर ईएनटीकडं गेले. नाकाचं हाड डावीकडं वाकडं, आतली मांसं सुजलेली. त्यांनी आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करायला लावले, आठवड्यानं दुसरीतले, आणि स्टेरॉईडचा नाकाचा स्प्रे सुरू केला. तो लगेच गुण देत नाही, मला पंधरा दिवसांनी फरक कळला. मारायची पद्धत पण त्यांनी स्वतः दाखवली: मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कडेकडं. मधल्या पडद्यावर मारलं की रक्त येतं, मला आलं होतं.

दुसरं म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. २४० मिलीच्या बाटलीला सपाट अर्ध्या चमच्याच्या आतच मीठ, चिमूटभर खायचा सोडा, आणि पाणी उकळून कोमट केलेलंच, नळाचं थेट अजिबात नाही. मास्क लावायच्या तासभर आधी धुते. पहिल्या दिवशी दुकानातून आल्यावर धुतलं तर बेसिनमध्ये लालसर पाणी आलं, मी घाबरले, रक्त वाटलं, पण ती मिरचीची पूड होती. इतकी पूड आत घेऊन मी झोपत होते. सीझनमध्ये आता दुकानात एन-९५ लावूनच बसते आणि दोन वेळा धुते.

ह्युमिडिफायर ५ वर ठेवला (डिस्टिल्ड पाणी), नाक सुकायचं थांबलं. पण जानेवारीच्या थंडीत नवीनच प्रकार, पाइपमध्ये वाफेचं पाणी जमून गुडगुड आवाज आणि थेंब थेट नाकावर. गरम होणारा पाइप मिळतो पण महाग, म्हणून सासूबाईंच्या जुन्या इरकल लुगड्याचं दुहेरी कव्हर शिवून पाइपवर चढवलं, मशीन उशीपेक्षा खाली स्टुलावर ठेवलं आणि सेटिंग एकानं कमी केलं. बंद झालं. आता पावसाळ्यात ३ पुरतं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट पण घातली, आडवं झालं की नाक भरतं ते त्यानं कमी होतं.

नाक-तोंड झाकणारा मोठा मास्कही आणला. नाकाच्या दांडीवरून हवा सुटून डोळ्यात जाते आणि गालावर वळ उठतात, म्हणून तो फक्त सर्दीच्या दिवसांसाठी ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली तीच नाकातून हवा देऊन. नाक नीट केल्यावर मला तरी नाकाचाच मास्क बरा वाटतो.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालतं, फक्त ह्युमिडिफायरची हीट बंद करावी लागते, बॅटरी तीच खाते. मास्कची गादी रोज साबणानं धुते, पावसात पट्टे सुकत नाहीत म्हणून एक जोड जास्तीचा.

गेल्या महिन्याचा एएचआय २.४, रोजचे सरासरी साडेसहा तास. डोकेदुखी गेली, रात्री एकदाच उठते. बीपीची गोळी मात्र अजून चालू आहे. वाकड्या हाडाचं ऑपरेशन केलं तरी अॅप्निया जाणार नाही, मशीन वापरणं सोपं होईल असं ईएनटी स्पष्ट म्हणालेत. दिवाळीनंतर, मिरची यायच्या आधी, करून घ्यायचं ठरवलंय.