कॅसेट, पोर्ट की रिमेक: जुना गेम पुन्हा घ्यायचा तर कोणता?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मामेभावाने दिवाळीच्या सुट्टीत विचारले, "दादा, पोरांना मारिओ आणि काँट्रा दाखवायचाय. जुना सेट शोधू का नवीन काही घेऊ?" प्रश्न साधा वाटला, पण एका वाक्यात उत्तर देता येईना, कारण आज एकाच नावाचा व्हिडिओ गेम तीन वेगवेगळ्या रूपांत मिळतो. पहिले रूप म्हणजे मूळ यंत्र आणि मूळ कॅसेट किंवा सीडी. दुसरे पोर्ट, म्हणजे तोच गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा बसवलेला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालणारी नवी संकलनेही मी यातच धरतो. तिसरे रिमेक, म्हणजे कल्पना जुनी ठेवून पायापासून नव्याने बांधलेला गेम. पोर्ट आणि रिमेक यांच्या मधोमध रीमास्टर नावाचा, म्हणजे जुन्याच गेमला नवी रंगरंगोटी करण्याचा प्रकार असतो, आणि सर्वाधिक फसगत तिथेच होते.

मूळ आवृत्तीच उत्तम, असा पुष्कळांचा आग्रह असतो. परंतु आपण लहानपणी जे खेळलो ते मूळ होते का, हे आधी तपासले पाहिजे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे फॅमिकॉम यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले आणि ते तिथल्या टीव्हीला धरून सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत असे. आपल्या घरांत आला तो 'व्हिडिओ गेम' म्हणजे त्याची स्वस्त नक्कल होती, आणि भारतातील टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचा. जुन्या गेममध्ये धावणे, उडी, संगीत हे सारे चित्रांच्या संख्येला बांधलेले असल्यामुळे जपानी मुलाचा ६० सेकंदांचा खेळ ५० च्या यंत्रावर ७२ सेकंद चालतो. म्हणजे आपल्या हातांना पाठ झालेली मारिओची उडी ही मुळात संथ केलेली उडी होती. आज ६० च्या वेगाचे पोर्ट लावले की पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीन वेळा खड्ड्यात पडायला होते, आणि वय झाले असे वाटते. वयाचा भाग थोडा असेलही, पण सगळा नव्हे. हा फरक किरकोळ नाही. सोनीने डिसेंबर २०१८ मध्ये २० जुने गेम भरलेले प्लेस्टेशन क्लासिक हे छोटे यंत्र काढले तेव्हा त्यातील ९ गेम ५० च्या वेगाचे निघाले आणि जाणकारांनी त्यावर चांगलीच टीका केली.

मूळ यंत्राचा अनुभव सांगायचा तर मी आमच्या माळ्यावरचा सेट खाली उतरवून पाहिला. सोलापूरचे काही उन्हाळे पत्र्याखाली काढल्यावर खेळायच्या रिमोटच्या बटणांखालचे रबर कडक झाले होते, आणि उजवीकडचे बाण-बटण दाबले की दोनदा कोरडे जाऊन तिसऱ्यांदा लागत होते. कॅसेटला फुंकर मारायची जुनी सवय मी आवरली, कारण श्वासातील दमटपणाने धातूचे दात काळे पडतात; कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसले, तर काडी चहाच्या रंगाची झाली आणि पुढच्याच खेपेला चित्र आले. मात्र नव्या सपाट टीव्हीवर ते चित्र फाटल्यासारखे दिसत होते आणि बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडत होती. टीव्हीने येणारे चित्र ताणून मोठे करण्यात सेकंदाचा दहावा भाग जरी घेतला, तरी ६० च्या वेगात ती सहा चित्रे झाली, आणि काँट्रात सहा चित्रांत गोळी लागून जाते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही येणारे चित्र लगेच दाखवतो, शिवाय ठिपके एकमेकांत मिसळून चित्र मऊ दिसते. म्हणून घरात चालू स्थितीतला ट्यूबचा टीव्ही असेल आणि पुसापुशीची हौस असेल, तरच मूळ यंत्राच्या वाटेला जावे.

मारिओच्या बाबतीत मी निःसंकोचपणे १९८५ च्या आवृत्तीचे विश्वासू पोर्ट सुचवेन. निन्टेन्डोनेच १९९३ मध्ये सुपर मारिओ ऑल-स्टार्स या नावाने तो अधिक रंगीत करून पुन्हा काढला. डोंगर, ढग, सावल्या सगळे देखणे झाले, पण एक खोड राहिली. मूळ गेममध्ये डोक्याने वीट फोडली की मारिओ तत्काळ खाली येतो, तर ऑल-स्टार्समध्ये वीट फुटल्यानंतरही तो वर जात राहतो. वाचताना हे क्षुल्लक वाटेल. विटांच्या रांगेखाली शत्रू चालत येत असताना मात्र हाताला लगेच कळते. लहान मुलांना रंग हवे असतील तर ऑल-स्टार्स वाईट नाही, आपल्या स्वतःच्या समाधानासाठी मात्र जुनाच.

काँट्राचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. तो १९८७ साली आर्केड यंत्रावर, म्हणजे दुकानात नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आला आणि आपण खेळलो तो घरगुती यंत्रावरचा १९८८ चा, म्हणजे आपला 'मूळ' काँट्रा हाच एक पोर्ट आहे, आणि माझ्या मते तो आर्केडपेक्षा सरस आहे. त्यातही जपानी कॅसेटीत वेगळी चिप असल्यामुळे झाडांची पाने हलतात, बर्फ पडतो आणि टप्प्यांच्या मध्ये कथेची चित्रे येतात, जी अमेरिकी कॅसेटीत नाहीत. युरोपात तर माणसांच्या जागी यंत्रमानव घालून तो प्रोबोटेक्टर या नावाने विकला गेला. काँट्रा बनवणाऱ्या कोनामीच्या २०१९ च्या काँट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये आर्केड, जपानी आणि अमेरिकी अशा तिन्ही आवृत्त्या एकत्र मिळतात, आणि निवडायला कठीण जात असेल त्याने डोळे मिटून हेच घ्यावे. दोघांनी एकाच वेळी खेळण्याची मजाही त्यात शाबूत आहे. २०२४ चा काँट्रा: ऑपरेशन गलुगा हा पहिल्या काँट्राचीच नव्याने केलेली मांडणी आहे. त्यात एका गोळीत मरण्याचा नियम सैल करता येतो, त्यामुळे पहिल्यांदा रिमोट हातात घेणाऱ्या मुलाला तो सोसवतो. बटणे ठराविक क्रमाने दाबून तीस लाईफ मिळवण्याच्या कोडवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटण्याची शक्यता आहे.

संगणकावरच्या गेमची गोष्ट निराळी, कारण तिथे मूळ यंत्र म्हणजे एखादा डबा नसून विंडोजची त्या काळची आवृत्ती असते. एज ऑफ एम्पायर्स २ या राज्य उभारून लढायच्या गेमची १९९९ ची सीडी आज चालवून पाहिली तर अनेकदा रंग बिघडतात, आणि समुद्र जांभळा दिसू लागतो. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे. विंडोज १० ने ते चालवणेच बंद केल्यामुळे विकत घेतलेली अस्सल सीडीही निरुपयोगी ठरते. इथे २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्या संगणकांसाठी सुधारून काढलेली आवृत्ती, सरळ घ्यावी. मूळ नियम जागच्या जागी आहेत, शेत संपले की ते आपोआप पुन्हा पेरले जाते, आणि २०२२ च्या जोडणीत पूर्वीच्या एकाच 'भारतीय' संस्कृतीच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा चार आल्या आहेत. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून गावकऱ्यांना एकेक शेत पेरायला लावलेल्या पिढीला या एका सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच्या अगदी उलट उदाहरण व्हाइस सिटीचे. २००२ चा हा गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतील तीन गेमच्या संचातून 'डेफिनिटिव्ह' म्हणून आला तेव्हा चेहरे मेणाचे झाले होते, पाऊस पडला की रस्ताच दिसेनासा होई, आणि त्याच सुमारास जुनी आवृत्ती दुकानांतून काढून टाकण्यात आली होती. आरडाओरड झाल्यावर रॉकस्टार या मूळ कंपनीने माफी मागितली व संगणकावरील जुन्या आवृत्त्या परत देऊ केल्या. २०२४ च्या अखेरीस जुन्यासारखी प्रकाशयोजना आल्यावर हा गेम बराच सुसह्य झाला आहे, तरी रेडिओवरची काही गाणी परवान्याअभावी गळाली ती गळालीच. म्हणून ज्याच्याकडे २००३ ची संगणक आवृत्ती आहे त्याने ती जपावी. मात्र सेटिंगमधील फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाच्या चित्रांवर मर्यादा घालणारा पर्याय, चालू ठेवावा, कारण तो काढला की नव्या संगणकाच्या वेगात गाड्यांचे वागणे बिघडते.

रिमेक निःशंकपणे घ्यावा असे प्रसंग माझ्या पाहण्यात थोडे आहेत, आणि त्यांत रेसिडेंट ईव्हिल २ हा कॅपकॉम कंपनीचा भीतीदायक गेम पहिला. १९९८ च्या गेममध्ये खोलीचे चित्र आधीच रंगवून ठेवलेले असल्यामुळे कॅमेरा जागचा हलत नाही आणि पात्र रणगाड्यासारखे आधी वळते, मग चालते. २०१९ च्या रिमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, तेव्हा भीतीची रचनाच नव्याने करावी लागली आणि कॅपकॉमने ती केली. दोन्हींचे नाव एक असले तरी हे दोन स्वतंत्र गेम आहेत. १९९८ चा गेमही २०२४ पासून संगणकावर रीतसर विकत मिळतो, त्यामुळे एकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडायची गरज नाही. अर्थात पोरांसाठी यातला कोणताच नाही.

मामेभावाला मी शेवटी काँट्राचे संकलन आणि वायरवाले दोन रिमोट घ्यायला सांगितले, आणि लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमधील 'गेम मोड', म्हणजे चित्र उशीर न करता दाखवण्याचा पर्याय, चालू करायला बजावले, कारण तो बंद राहिला तर सर्वांत विश्वासू पोर्टसुद्धा माळ्यावरच्या सेटइतकाच उशिरा उडी मारतो.