आईचा पेसमेकर आणि उशाशी ठेवलेला मॉनिटर: आठ महिन्यांचा अनुभव
आईला कम्प्लीट हार्ट ब्लॉक झाला (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनात), तेव्हा नाडी 35 वर आली होती. दोनदा चक्कर येऊन पडली. ड्युअल चेंबर, म्हणजे वरच्या आणि खालच्या अशा दोन कप्प्यांना जोडलेला पेसमेकर बसवला. आम्ही आटपाडीकडचे आणि तपासणी पुण्यात, म्हणून डॉक्टरांनी पेसमेकरच्या नोंदी दवाखान्याला पाठवणारा मॉनिटर घरी ठेवायला सांगितलं. मेडट्रॉनिक, अबॉट, बायोट्रॉनिक यांचे असे मॉनिटर मिळतात. मात्र ज्या कंपनीचा पेसमेकर, तिचाच मॉनिटर लागतो. ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.

वापरायला काही कठीण नाही. खाटेजवळ प्लगला लावून ठेवायचा. आई झोपली की तो पेसमेकरमधल्या नोंदी घेऊन मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो: बॅटरी, लीडची (पेसमेकरपासून हृदयात गेलेल्या तारेची) स्थिती, किती टक्के ठोके पेसमेकरने दिले, मध्येच लय बिघडली का.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला, ‘आईंना धडधड होते का?’ आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, ‘मला कुठं काय होतंय?’ पण नोंदीत हृदयाच्या वरच्या कप्प्यात काही तास एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वेगवान आणि अनियमित लय दिसत होती. खालच्या कप्प्याचे ठोके पेसमेकर सांभाळत होता, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता. अशात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याची भीती असते. डॉक्टरांनी नोंद स्वतः पाहिली, आईला तपासलं आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राचा ऋणी आहे.

तक्रार आहे ती यंत्राबद्दल नाही. दिवाळीआधी घराला रंग दिला, आईची खाट पुढच्या खोलीत आणली आणि मॉनिटर मागेच राहिला. 19 दिवस एकही नोंद गेली नाही, तरी कुणाचा फोन नाही. विचारलं तर कळलं, संपर्क तुटलेल्यांची यादी तिथे दिसते, पण ती रोज बघायला माणूसच नेमलेला नाही. याचा मला खरंच राग आला. नोंदी कोण वाचतं, कधी वाचतं आणि आपण कुणाला फोन करायचा, हे नाव-नंबरासकट लिहून घ्या. मी आता दर 1 तारखेला फोन करून शेवटची नोंद कधी मिळाली ते विचारतो.

शिवाय तातडीच्या वेळी त्याच्यावर विसंबू नका. एका रात्री ऑक्सिमीटरवर नाडी 38 दिसली. पेसमेकर तर ठोके मिनिटाला 60 च्या खाली जाऊ नयेत असा लावलेला! माझे हातपाय गार पडले. मॉनिटरचा हिरवा दिवा नेहमीसारखा लागलेला, त्यावरून घरच्यांना काहीच कळत नाही. रात्री दोनला गाडी काढून ईसीजी केला. मधेमधे जास्तीचे ठोके पडत होते, ते दुबळे असल्याने बोटापर्यंत पोहोचत नव्हते आणि ऑक्सिमीटर मोजत नव्हता. पेसमेकर ठीक होता.

आईला आता पुण्याला वर्षातून एकदाच न्यावं लागतं. एसटीत तिला उलट्या होतात, त्यामुळे सगळ्यात खूश तीच आहे.