पोकळ, कललेलं झाड काढून घेतलं, ४ स्टार

झाड घराकडे कललेलं, बुंध्यात ही मोठी ढोली. आधी आलेला एकजण म्हणाला दोर बांधून खेचतो, अर्ध्या तासात आडवं, बरं झालं त्याला नको म्हटलं. या टीमच्या माणसाने आधी चेनसॉ काढलीच नाही, हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकत फिरला, एकीकडे टणक आवाज आणि कलाच्या बाजूला रिकाम्या पिंपासारखा ढबढब. मग बारीक ड्रिल मारला तर शाबूत लाकूड जेमतेम ४ बोटं, आतून नुसता भुगा!! म्हणे खाच मारून पाडताना जे लाकूड बिजागरीसारखं झाडाला धरून ठेवतं तेच इथे नाही, त्यामुळे झाड कुठेही वळेल नाहीतर बुंधा उभा चिरून मागे उसळेल, आणि असल्या झाडावर चढायचं तर नावच नको. म्हणून बूम लिफ्टमधून (गाडीच्या लांब हाताला लावलेला, माणूस वर नेणारा पाळणा) शेंड्यापासून तुकडे, प्रत्येक तुकडा आधी क्रेनला बांधून मगच कापला. खाली कोणालाही फिरकू दिलं नाही, मलासुद्धा दोनदा ओरडले (चूक माझीच, व्हिडिओ काढत होतो). क्रेन २ तास उशिरा आली आणि भुसा तसाच टाकून गेले, १ स्टार त्याचा कापलाय.